आधी आंबट, मग खारट : पीएच, मायसेल आणि हँडवॉशचा दाटपणा

टाकीत पन्नास किलो हँडवॉश तयार आहे. मीठ घालून झालं, मधासारखी धार पडतेय. शेवटी पीएच पाहिला तर ७.२ निघाला. लेबलवर ५ छापलेलं असल्यामुळे सायट्रिक ॲसिडचं पाणी ओतलं, दहा मिनिटं ढवळलं, आणि माल ताकासारखा पातळ झाला. कधी नेमकं उलटं होतं: चमचा उभा राहील असा गोळा तयार होतो आणि ढवळणीची मोटर कण्हू लागते. दोन्ही वेळा कारण एकच. मीठ आणि आम्ल हे दोघे एकच स्क्रू फिरवतात, आणि तो आधी मिठानं फिरवून झाल्यावर आपण पुन्हा आम्लानं फिरवला.

म्हणून क्रम ठरलेला ठेवायचा: आधी पीएच, मग मीठ. हा नियम पाठ करून काम भागतं. पण कच्चा माल बदलला, सुगंध बदलला किंवा पीएच अर्ध्या अंकाने खाली न्यायची वेळ आली की नियमामागचं कारण माहीत असलेला माणूसच बॅच वाचवतो.

साबुदाणा आणि शेवया

सरफॅक्टंटच्या, म्हणजे मळ काढणाऱ्या आणि फेस देणाऱ्या द्रव्याच्या, रेणूला पाण्यात रमणारं डोकं आणि पाण्याला टाळणारी शेपटी असते. ठरावीक प्रमाणापलीकडे रेणू वाढले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी त्यांची मोळी बनते, तिला मायसेल म्हणतात. सोडियम लॉरिल सल्फेटसाठी ही मर्यादा २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल, म्हणजे सव्वादोन-अडीच ग्रॅम आहे. हँडवॉशमध्ये लिटरमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम सरफॅक्टंट असतो, त्यामुळे मायसेल बनतात का हा प्रश्न उरतच नाही. पाहायचं असतं ते त्यांचा आकार कोणता आहे हे.

हा आकार डोक्याला किती जागा लागते यावर ठरतो. बारा कार्बनची शेपटी पूर्ण ताणली तर सुमारे १.६७ नॅनोमीटर लांब भरते आणि तिचं घनफळ ०.३५ घन नॅनोमीटर येतं. घनफळाला लांबीने भागलं की ०.२१ चौरस नॅनोमीटर मिळतात. डोकं याच्या तिपटीपेक्षा, म्हणजे ०.६३ पेक्षा जास्त जागा अडवत असेल तर मायसेल गोल राहतो. जागा ०.६३ ते ०.४२ च्या दरम्यान आली की तो लांबट, दोरीसारखा होतो. ०.४२ च्या खाली गेल्यास पापुद्रे बनतात, द्रावण गढूळ होतं किंवा थर सुटतात. म्हणजे पातळ पाण्यापासून दाट जेलीपर्यंतचा सगळा खेळ एका डोक्यामागे ०.२ चौरस नॅनोमीटरच्या आत चालतो. किलोमागे एक ग्रॅम मिठाने माल एवढा का बदलतो, ते इथे समजतं.

गोल मायसेल म्हणजे पाण्यात सुटे फिरणारे साबुदाणे. ते एकमेकांना अडवत नाहीत, म्हणून द्रावण पातळ राहतं. लांब मायसेल शेवयांसारखे एकमेकांत गुंततात आणि दाटपणा येतो. फरक इतकाच, की या शेवया जिवंत असतात: सतत तुटतात आणि पुन्हा जोडल्या जातात. मायकेल केट्स यांनी १९८७ मध्ये हीच बाब गणितात बसवली. गुंता दोन वाटांनी सैल होतो, शेवई सरपटत बाहेर पडते किंवा मधेच तुटते. दोन्ही काळांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की द्रावणाचा शिथिलन काळ, म्हणजे ताण सुटायला लागणारा वेळ, मिळतो. जाळ्याचा ताठपणा गुणिले हा काळ म्हणजे अगदी सावकाश ढवळताना जाणवणारा दाटपणा. ताठपणा मुख्यतः सरफॅक्टंटच्या प्रमाणावर ठरतो. मीठ आणि आम्ल मुख्यतः काळ बदलतात.

मीठ जास्त झालं की शेवयांना फांद्या फुटतात. फांद्यांमुळे गुंता घट्ट व्हावा असं वाटतं, पण फांदीचा सांधा शेवईवरून घसरू शकतो, ताण लवकर सुटतो आणि माल पातळ होऊ लागतो. म्हणून मीठ वाढवत गेलं की दाटपणा आधी चढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. कारखान्यात याला ‘सॉल्ट कर्व्ह’ म्हणतात.

आम्ल नेमकं कुठे पकडतं

आम्लाचा हायड्रोजन आयन सगळ्याच डोक्यांना चिकटत नाही. सल्फेट आणि सल्फोनेट डोकी (एसएलईएस म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट, आणि ॲसिड स्लरी या घट्ट सल्फोनिक आम्लापासून बनलेलं एलएएस) नेहमीच्या पीएचला त्याला दाद देत नाहीत. कार्बोक्सिलेट, म्हणजे साबणाचं डोकं, लगेच पकडतं. अमाइन ऑक्साइड पीएच ५ च्या आसपास पकडतं. कोको बीटेनच्या, म्हणजे बाजारात सीएपीबी म्हणून मिळणाऱ्या मालाच्या, रेणूवर अधिक आणि उणे दोन्ही भार असतात. पीएच २ च्या आसपास आला की त्यातला कार्बोक्सिल गट अर्धा भरतो, म्हणजे निम्म्या डोक्यांना हायड्रोजन चिकटतो.

मग ५ पीएचच्या हँडवॉशमध्ये बीटेनला काय फरक पडावा? मीटरवर ५ दिसत असलं तरी मायसेलच्या अंगावर ५ नसतो, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटते. एसएलईएसचे मायसेल ऋणभारित असल्यामुळे हायड्रोजन आयन त्यांच्याभोवती गर्दी करतात. २५ अंशाला दर ५९ मिलिव्होल्टमागे पीएच एका अंकाने उतरतो. पृष्ठभागावर उणे १०० मिलिव्होल्ट असतील तर तिथला पीएच मीटरपेक्षा १.७ ने कमी. मीटरवर ७ असताना पृष्ठभागावर ५.३ भरतो आणि बीटेनची दहा हजारांतली पाचच डोकी भरलेली असतात. मीटरवर ५.२ असेल तर शंभरातली तीन. मीटरवर ४.५ म्हणजे पृष्ठभागावर २.८, आणि तिथे शंभरातली तेरा-चौदा भरतात. हिशेब ढोबळ आहे, कारण डोकी भरत जातात तसा पृष्ठभागाचा ऋणभारही उतरतो. पण आलेखाचा चेहरा याने बरोबर कळतो: ७ ते ६ या पट्ट्यात सगळं शांत, ५.५ च्या खाली चढ तीव्र होत जातो.

भरलेलं बीटेन धनभारित होऊन शेजारच्या ऋण सल्फेट डोक्याला खेटतं. दोघांमधली ढकलाढकल कमी होते, जागा आक्रसते, शेवया लांबतात. मिठातला सोडियमही याच ढकलाढकलीवर पडदा टाकतो. त्यामुळे पीएच उतरवला की सगळा सॉल्ट कर्व्ह डावीकडे सरकतो आणि शिखर कमी मिठात येतं. सुरुवातीच्या बॅचमध्ये मीठ शिखराच्या अलीकडे असतं तर आम्लाने गोळा झाला असता. ते शिखरावर किंवा पलीकडे होतं, म्हणून ताक झालं.

चाचणीची तयारी

वजनकाटा ०.०१ ग्रॅमचा हवा, पीएच मीटर आणि तो जुळवायला ४.०१ व ७.०० या ठरलेल्या पीएचची बफर द्रावणं हवीत, तापमान २५ अंशावर धरायला पाण्याची कुंडी हवी. दाटपणासाठी ब्रुकफिल्ड एलव्ही जातीचं यंत्र उत्तम. पीएचच्या कागदी पट्ट्या इथे वापरूच नका. पट्टीवरचा रंग मायसेलमध्ये शिरतो आणि वर सांगितलेला पृष्ठभागाचाच घोळ वाचनात आणतो. रंग अर्ध्या-एका अंकाने चुकला तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

मीटर दोन बफरवर लावल्यावर स्लोप, म्हणजे पीएचच्या एका अंकामागे इलेक्ट्रोड किती मिलिव्होल्ट देतो, ते पाहा. आदर्श आकडा तोच, ५९ मिलिव्होल्ट. ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर इलेक्ट्रोड स्वच्छ करा. दाट मालात वाचन सावकाश स्थिरावतं, दोन मिनिटं थांबा. दोन मापांच्या मध्ये इलेक्ट्रोड कोमट पाण्याने धुवा आणि टिपून घ्या, पुसू नका. पीएच माल जसाच्या तसा ठेवून मोजला की पाण्यात त्याचं १० टक्के द्रावण करून, हे प्रत्येक नोंदीसमोर लिहा. दोन्ही आकडे वेगळे येतात, आणि ते एकमेकांत मिसळले तर तक्त्याला अर्थ राहत नाही.

तीन द्रावणं वजनाने बनवा: २० टक्के सायट्रिक ॲसिड, २० टक्के मीठ, १० टक्के कॉस्टिक सोडा. कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं घाला, उलटं नको, आणि चष्मा-हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नका. मीठ शुद्ध, रिफाइंड घ्या. स्वयंपाकाच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात, त्यांनी पारदर्शक मालाला धुरकटपणा येतो.

सीएपीबीच्या कॅनवरचा आकडा नीट वाचा. ३५ टक्के घन म्हणजे ३५ टक्के बीटेन नव्हे. त्यात सुमारे ३० टक्के बीटेन आणि पाचेक टक्के मीठच असतं, ते बीटेन बनवताना आपोआप तयार होतं. म्हणजे १० टक्के सीएपीबी घातलं की अर्धा टक्का मीठ न घालताच आत गेलं. पुरवठादार बदलला आणि जुन्याच मापाने मीठ घातलं तर माल बिघडतो, त्याचं मूळ बहुधा इथे सापडतं.

पाच बाटल्या, पाच पीएच

दोन किलोचा मूळ माल बनवायचा, पण वजन १,८०० ग्रॅमवरच थांबवायचं. उरलेले २०० ग्रॅम पुढच्या दुरुस्त्यांसाठी. साधारण ९०० ग्रॅम डीएम (खनिजं काढलेल्या) पाण्यापासून सुरुवात करा आणि शेवटी पाण्याने वजन जुळवा. पाण्यात आधी १० ग्रॅम सोडियम बेंझोएट पूर्ण विरघळवा, मग २८ टक्क्यांचं एसएलईएस ६४० ग्रॅम आणि सीएपीबी २०० ग्रॅम घाला. हळू ढवळा, पंखा पृष्ठभागाखाली बुडालेला असू द्या, नाहीतर फेसच हाती येईल. शेवटी २० टक्के सायट्रिक द्रावण २० ग्रॅम (म्हणजे ४ ग्रॅम ॲसिड) थेंब-थेंब सोडा. एकदम ओतलं तर ते पडतं तिथे बेंझोइक ॲसिडचे पांढरे कण सुटतात आणि विरघळायला तास घेतात.

७० टक्क्यांची एसएलईएस पेस्ट असेल तर प्रकरण वेगळं. पेस्टवर पाणी ओतलं की मधल्या प्रमाणात ती मेणासारख्या ताठ जेलमध्ये जाते आणि गुठळ्या पाण्यात तरंगत राहतात. नेहमी पाण्यात पेस्ट घाला, थोडी थोडी, आणि रात्रभर ठेवायची तयारी ठेवा.

आता पाच बाटल्यांत प्रत्येकी १८० ग्रॅम माल घ्या. पीएच ४.५, ५, ५.५, ६ आणि ७ करायचा. सायट्रिक आधीच आत असल्यामुळे मालाचा पीएच ४.५ च्या आसपास असेल. प्रत्येक बाटलीत कॉस्टिक द्रावण घालत हव्या त्या पीएचला आणा आणि किती ग्रॅम लागलं ते लिहून ठेवा.

ही नोंद टाळून काढलेला आलेख फुकट जातो. कॉस्टिकबरोबर सोडियम जातो आणि सोडियम म्हणजे दाटपणाच्या हिशेबात मीठच. सायट्रेट आणि बेंझोएट मिळून ४.५ ते ७ या अंतरात किलोमागे जवळजवळ २७ मिलिमोल कॉस्टिक खातात, म्हणजे दीड ग्रॅमच्या वर मीठ. एवढं मीठ कर्व्हच्या चढावर दाटपणा कितीतरी बदलू शकतं. मग आपण पीएचचा परिणाम मोजतोय अशा समजुतीत मिठाचा परिणाम मोजत बसतो. उपाय सोपा आहे. ७ पीएचच्या बाटलीला सर्वांत जास्त कॉस्टिक लागलं असेल, ते प्रमाण धरा. दुसऱ्या बाटलीत त्यापेक्षा जितके ग्रॅम कॉस्टिक द्रावण कमी गेलं, त्या प्रत्येक ग्रॅममागे ०.७३ ग्रॅम मीठ द्रावण घाला. मग सगळ्या बाटल्यांत सारखंच १० ग्रॅम मीठ द्रावण घाला आणि पाण्याने प्रत्येकीचं वजन २०० ग्रॅमला आणा. २५ अंशाला २४ तास झाकून ठेवा.

मोजणी

दुसऱ्या दिवशी यंत्राला हात लावण्याआधी बाटलीला मनगटाने एक हिसका द्या, माल गोल फिरू द्या आणि अचानक थांबा. आतल्या बुडबुड्यांकडे बघा. पातळ मालात ते फिरत फिरत थांबतात. शेवया चांगल्या गुंतलेल्या असतील तर ते थांबतात आणि चक्क थोडे मागे येतात, रबर ओढून सोडल्यासारखे. हा लवचिकपणाचा पुरावा, त्याला एक पैसा खर्च नाही. काचेची कांडी बुडवून वर काढा: पाकाला एकतारी, दोनतारी पाहतात तशी तार येते का, आणि तुटल्यावर वरचं टोक झटकन कांडीकडे आखडतं का, ते बघा. ज्या मालाची तार लांबच लांब ओढली जाते तो ग्राहकाच्या हातावर शेंबडासारखा लोंबतो. दाटपणाचा आकडा बरोबर असूनही तक्रार येते ती अशा मालाची.

ब्रुकफिल्डवर ३ नंबरचा स्पिंडल (मालात फिरणारी दांडी) मिनिटाला १२ फेऱ्यांना लावला तर १०,००० सेंटिपॉइजपर्यंत (हे दाटपणाचं एकक) मोजता येतं. वाचन त्यापुढे जात असेल तर ४ नंबर घ्या, फारच खाली असेल तर २ नंबर. टॉर्क, म्हणजे यंत्राला लागणारा फिरवण्याचा जोर, १० टक्क्यांखाली असलेलं वाचन धरू नका. यंत्राचा प्रमाण आकडा ६०० मिलिलिटरच्या बीकरमध्ये येतो. लहान बाटलीत मोजलेले आकडे फक्त एकमेकांशी ताडून पाहायचे, लेबलवर किंवा ग्राहकाला द्यायच्या तक्त्यात टाकायचे नाहीत.

एकाच वेगाचं वाचन घेऊन थांबू नका. ६, १२ आणि ३० फेऱ्यांना मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर मायसेल आखूड आहेत. वेग वाढवल्यावर आकडा उतरत गेला तर लांब शेवया ढवळण्याच्या दिशेने आडव्या होत आहेत. १२ फेऱ्यांना सारखा आकडा दाखवणाऱ्या दोन बाटल्या ३० ला वेगळ्या निघू शकतात. पंपातून कोणती नीट येईल हे त्या दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

यंत्र नसेल तर ३ मिलिमीटर व्यासाची पोलादी बेअरिंगची गोळी आणि १०० मिलिलिटरचा मापक नळकांडा पुरे. ५,००० सेंटिपॉइजच्या मालात ती गोळी मोकळ्या भांड्यात १० सेंटिमीटर अंतर सुमारे १५ सेकंदांत कापेल. २७ मिलिमीटर रुंद नळकांड्यात भिंतींच्या अडथळ्याने २० सेकंदांच्या आसपास लागतील. १,००० सेंटिपॉइजला चार सेकंद. गोळी आधी त्याच मालाने ओली करून मधोमध सोडा, आणि वरचे दोन-तीन सेंटिमीटर सोडून वेळ लावा.

तापमानाशी तडजोड नको. शेवया उष्णतेने भराभर आखूड होतात आणि दाटपणा अंशाअंशाने कोसळतो. डिसेंबरात सकाळी मोजलेला आकडा नागपूरच्या मेमधल्या दुपारच्या आकड्याशी ताडणं म्हणजे दोन वेगळ्या मालांची तुलना.

मिठाचा आलेख, ठरलेल्या पीएचवर

पाच बाटल्यांवरून पीएच निवडा. हँडवॉशसाठी ५.० ते ५.५ हा पट्टा सोयीचा, आणि याचं कारण दाटपणापेक्षा परिरक्षकात, म्हणजे माल टिकवणाऱ्या द्रव्यात, आहे. सोडियम बेंझोएटचा जंतुनाशक भाग म्हणजे न विघटित झालेलं बेंझोइक ॲसिड. पीएच ६ ला ते जेमतेम १.६ टक्के असतं, ५ ला १४ टक्के, ४.५ ला ३३ टक्के. म्हणजे ६ पीएचच्या हँडवॉशमध्ये घातलेलं बेंझोएट जवळपास शोभेचं. तरी एकट्या बेंझोएटवर विसंबू नका, सूक्ष्मजीव चाचणी करून घ्या. दुसऱ्या टोकाला ४.५ च्या खाली जायचा मोहही आवरा. आम्लात एसएलईएसचा सल्फेट बंध तुटतो, तुटताना आणखी आम्ल सुटतं, आणि ते पुढची तोड जास्त वेगाने करतं. उन्हाळ्यात गोदामात ठेवलेला असा माल महिन्यांनी गढूळ, पातळ आणि ३ पीएचचा निघतो.

निवडलेल्या पीएचला सहा-सात बाटल्या करा आणि ०.४ टक्क्यांच्या पायऱ्यांनी मीठ वाढवत २.४ टक्क्यांपर्यंत जा. शिखर कुठे येतं ते पाहा, पण उत्पादनासाठी शिखर निवडू नका. त्याच्या डाव्या चढावर, शिखरावरच्या दाटपणाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास थांबा. पुढे पीएच दशांशाने हलेल, सुगंध थोडं इकडेतिकडे करेल, सीएपीबीच्या नव्या लॉटमध्ये मीठ जास्त असेल. चढावर असाल तर हे धक्के एका दिशेने जातात आणि थोड्या मिठाने किंवा पाण्याने सावरता येतात. शिखरावर उभं राहिलं की कोणत्याही बाजूला पाऊल टाका, उतारच आहे.

५० किलोची बॅच

२५.५ किलो डीएम किंवा आरओ पाणी घ्या. बोअरचं पाणी चालणार नाही. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम मिठासारखेच, किंबहुना जास्त जोराने काम करतात आणि त्यांचं प्रमाण मोसमागणिक बदलतं. पाण्यात सोडियम बेंझोएट २५० ग्रॅम विरघळवा. एसएलईएस १६ किलो, मग सीएपीबी ५ किलो. एकजीव झाल्यावर सुगंध १५० ग्रॅम, थोड्याशा सीएपीबीमध्ये आधी कालवून. सुगंध मिठाच्या आधी घालायचा, कारण त्याची तेलं मायसेलच्या पोटात शिरून आकार बदलतात. काही सुगंधांनी माल दाटतो, काहींनी निम्म्याने पातळ होतो.

आता ५०० ग्रॅम नमुना बाजूला काढा. सिरिंजने २० टक्के सायट्रिक द्रावण अर्धा-अर्धा मिलिलिटर घाला आणि पीएच ५.२ ला किती लागलं ते लिहा. टाकीत उरलेला माल नमुन्याच्या सुमारे ९३ पट आहे, म्हणून ९३ ने गुणा. त्यातलं ८० टक्के टाकीत बारीक धारेने सोडा, पंधरा मिनिटं ढवळा, मोजा, मग उरलेलं अंदाजाने. पीएच ५.२ च्या खाली गेला तर कॉस्टिकने वर आणायची घाई करू नका. त्याने पीएच परत येतो, पण आत गेलेला सोडियम परत निघत नाही, आणि दोनदा असं झालं की मिठासाठी जागाच उरत नाही. थोडा माल आम्लाशिवाय राखून ठेवला असेल तर तो मिसळणं केव्हाही बरं.

पीएच स्थिर झाल्यावरच मीठ, तेही द्रावणाच्या रूपात, चार हप्त्यांत. आलेखावरून निघालेल्या मिठाचे पहिले दोन हप्ते मोठे, शेवटचे दोन लहान. प्रत्येक हप्त्यानंतर दहा मिनिटं. शेवटी पाण्याने वजन ५० किलोला आणा आणि दुसऱ्या दिवशी, फेस बसल्यावर, २५ अंशाला दाटपणा व पीएच दोन्ही पुन्हा मोजा. हा माल विकायचा असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा सौंदर्यप्रसाधन उत्पादनाचा परवाना लागतो.

बॅच बिघडली तर

माल पातळ आहे, पण मीठ कमी पडलंय की जास्त झालंय? शंभर ग्रॅम नमुन्यात पाच ग्रॅम पाणी घाला. आणखी पातळ झाला तर शिखराच्या अलीकडे आहात, मीठ चालेल. पाणी घालून दाट झाला तर पलीकडे गेला आहात, आता मिठाचा एक दाणाही नको. अशा वेळी मीठ न घातलेला, त्याच पीएचचा माल बनवून त्यात मिसळा. पातळ दिसला की सवयीने मिठाचा डबा उचलणारे इथेच फसतात.

आम्ल घातल्यावर दाट झालेला माल दोन दिवसांनी सैल पडला तर पीएच पुन्हा मोजा. बफर फारसा नसलेल्या मालात कोपऱ्यात राहिलेलं न मिसळलेलं ॲसिड सावकाश पसरतं, आणि पहिलं वाचन टाकीच्या एकाच भागाचं असतं. वरून एक, तळाच्या नळातून एक असे दोन नमुने घेतले की हे लगेच उघडं पडतं.

साबण, अमाइन ऑक्साइड आणि ॲसिड स्लरी

साबणाचं डोकं कार्बोक्सिलेट असल्यामुळे तिथे पीएच नुसता दाटपणा हलवत नाही, सगळा संसारच मोडतो. बघायचं असेल तर लिटरमागे ३० ग्रॅम सोडियम ओलिएटच्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबाने सोडा. १० च्या वर द्रावण स्वच्छ असतं, मायसेलचं. ९ च्या आसपास निळसर धुकं येतं: अर्धी भरलेली आणि अर्धी मोकळी डोकी एकमेकांचा हात धरून पापुद्र्यांच्या पिशव्या बनवतात. ८ च्या खाली दूध, आणि मग वर तेल तरंगतं. खऱ्या साबणाचा पीएच ५.५ करता येत नाही तो यामुळे. ‘पीएच ५.५’ छापलेली वडी साबणाची नसून दुसऱ्या सरफॅक्टंटची असते.

लॉरिल अमाइन ऑक्साइडची गंमत अशी, की त्याचे मायसेल सर्वांत मोठे होतात ते डोकी निम्मी भरलेली असताना, म्हणजे पीएच ५ च्या आसपास. त्याच्या दोन्ही बाजूंना ते आखडतात. एसएलईएसबरोबर घातलं तर ऋण पृष्ठभागामुळे ते आणखी वरच्या पीएचलाच भरू लागतं. म्हणून अमाइन ऑक्साइड असलेल्या भांड्यांच्या लिक्विडमध्ये पीएच ७ वरून ६ वर आला तरी दाटपणा हलतो, जे बीटेनच्या मालात सहसा होत नाही.

ॲसिड स्लरीच्या लिक्विडमध्ये सल्फोनेट आम्लाला भीक घालत नाही, तरी पीएच तिथेही चकवतो, तो आडवाटेने. स्लरीत टक्का-दोन टक्के मोकळं सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि कॉस्टिकने उदासीन झाल्यावर त्याचं सोडियम सल्फेट होतं. ९० टक्क्यांच्या १०० ग्रॅम स्लरीला साधारण १२ ग्रॅम कॉस्टिक लागतं. स्लरी जुनी किंवा हलकी असेल तर मोकळं ॲसिड जास्त, कॉस्टिक जास्त, आणि पीएच ७ ला पोचेपर्यंत सल्फेटही जास्त. मग ठरलेलं मीठ घातलं की माल गढुळतो. नवा ड्रम फोडला की १०० ग्रॅम स्लरी उदासीन करून कॉस्टिकचं माप काढा. ते १२ च्या पुढे जितके ग्रॅम सरकलं असेल, त्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण दीड ग्रॅम मीठ पहिल्या हप्त्यातूनच कमी करा आणि ड्रमवर खडूने आकडा लिहून ठेवा.